पत्रिकेतले 'आणि इतर' : गावातल्या कलासंस्थांची समीक्षा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आहेत.)



मला दिलेला विषय आहे 'स्थानिक कलावंतांची संस्था आणि आपला सहभाग'. यावर गोड बोलणं सोपं आहे. कला माणसं जोडते, संस्था कलेला बळ देते, तरुणांनी पुढं यावं, एवढं म्हणून वीस मिनिटांत खाली बसता येतं. पण माझं काम समीक्षेचं. नाटक पाहिलं की ते कुठं जमलं, कुठं फसलं, हे मी विचारतो. मग ते नाटक ज्या संस्थेनं उभं केलं तिलाही हे का विचारू नये? संस्था शेवटी आपणच रचलेली असते. तिच्यात कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, यावरून आपल्या मनात काय आहे ते कळतं. म्हणून आज नांदेड आणि लातूरकडच्या आपल्या कलासंस्थांची मी समीक्षा करणार आहे. त्यात मीही येतो. अशाच एका संस्थेचा मी आठ वर्षं सचिव होतो. हे आधीच सांगतो, म्हणजे हा बाहेर उभा राहून दगड मारतोय असं कुणाला वाटायला नको.

सुरुवात एका कागदापासून करू. निमंत्रण पत्रिका. आपल्याकडं कुठल्याही सांस्कृतिक कार्यक्रमाची पत्रिका घ्या आणि कविता वाचावी तशी वाचा. वर उद्घाटक. मग अध्यक्ष. मग प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, स्वागताध्यक्ष, निमंत्रक. अर्धं पान इथंच संपतं. त्याखाली बारीक अक्षरात 'सादरकर्ते'. त्यात दोन-तीन नावं, आणि शेवटी दोन शब्द : 'आणि इतर'.

आता हे 'इतर' कोण? तबल्यावर बसलेला, संबळ वाजवणारा, पडदा ओढणारा, मेकअप करणारा, लाइट लावणारा. म्हणजे ज्यांच्यामुळं कार्यक्रम होतो ते. आणि ज्यांच्यावाचून कार्यक्रम अडणार नाही त्यांची नावं ठळक अक्षरात, फोटोसकट. मी सचिव असताना अशा कितीतरी पत्रिका स्वतः लिहिल्या. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. 'इतर' हा शब्द लिहिताना हात अडखळत नाही, कारण तो जागा वाचवतो.

त्याची किंमत मला एकदा कळली. काही वर्षांपूर्वी एक म्हातारे गोंधळी आमच्या कार्यालयात आले. कार्यालय म्हणजे काय, एका दुकानाच्या वरची खोली. सोबत नातू होता, त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड. बाबा म्हणाले, "साहेब, मानधनाचा फॉर्म भरायलाय. कला केल्याचा पुरावा मागालेत. तुमच्या कार्यक्रमाला चार बारी आलतो मी. तेवढं लिहून द्या."

सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना आपल्या राज्यात जुनी आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. २०२४ पासून महिन्याला सरसकट ५००० रुपये मिळतात. पण प्रत्येक जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांचीच निवड होते, आणि अर्जदारानं कलेत किमान १५ वर्षं काढलेली असावी लागतात. ती काढली हे सिद्ध कसं करणार? कार्यक्रमाच्या पत्रिका, प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं. म्हणजे कागद.

मी कपाट उघडलं. फायली काढल्या. बाबा म्हणत होते त्या चारही वर्षांच्या पत्रिका सापडल्या. चारही कार्यक्रमांची सुरुवात गोंधळानं झालेली. चारही ठिकाणी लिहिलेलं : 'पारंपरिक गोंधळ'. कोणाचा गोंधळ, ते नाही. प्रोसिडिंग बुक काढलं. त्यात पाहुण्यांची भाषणं ओळी-ओळीनं उतरवलेली, शाल कुणी दिली, श्रीफळ कुणी दिलं, सगळं आहे. बाबांचं नाव कुठंच नाही. हिशेबाच्या वहीत बघितलं तर तिथं होतं 'गोंधळी, रोख', आणि पुढं रक्कम. पावतीवर अंगठा, पण नाव नाही. फोटोत ते होते. दिवटीच्या उजेडात, अर्धा चेहरा.

मी आठवणीवरून पत्र लिहून दिलं. पुढं काय झालं ते मला माहीत नाही, कारण मी विचारायला गेलो नाही. हीसुद्धा माझीच चूक. पण त्या दिवसापासून मी संस्थेकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. आमची समजूत होती की आमची संस्था कलावंतांना 'व्यासपीठ' देते. अहो, व्यासपीठ तर बाबांना होतंच. घराघरातल्या अंगणात चौक मांडून ते रात्र जागवत होते, आमची संस्था जन्मायच्या आधीपासून. त्यांना संस्थेकडून हवी होती ती साधी गोष्ट : नोंद. आणि नेमकी तीच आम्ही दिली नाही.

म्हणून आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. कलावंतांची संस्था म्हणजे त्या गावच्या कलेची आठवण सांभाळायची जागा. कार्यक्रम हा तिच्या कामाचा एक भाग. आणि संस्थेत 'सहभागी होणं' म्हणजे ती आठवण सांभाळायचं काम वाटून घेणं.

हा विचार काही माझा नवा नाही. भरताचं नाट्यशास्त्र उघडा. नांदेडच्या माणसाला तर ते उघडायला कारणही आहे, कारण नरहर कुरुंदकर इथंच पीपल्स कॉलेजात शिकवत होते, पुढं तिथंच प्राचार्य झाले, आणि नाट्यशास्त्राचा त्यांचा व्यासंग सगळ्यांना माहीत आहे. त्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात नाट्यमंडळीत कोण कोण असतं याची यादी आहे. त्यात नट आहे, सूत्रधार आहे, विदूषक आहे. आणि त्याच यादीत मुकुट करणारा आहे, दागिने घडवणारा आहे, माळा गुंफणारा आहे, चित्रकार आहे, कपडे रंगवणारा आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला यादीत रंगारी लिहायला जागा सापडली. आपण ऑफसेटवर पत्रिका छापतो, आता तर मोबाइलवरच पाठवतो, त्यात कागदाचाही खर्च नाही, तरी आपल्याला 'आणि इतर' लागतं.

आता कुणी म्हणेल, सर, आपल्याकडं संस्थांची परंपराच उशिराची, पुण्या-मुंबईसारखी नाही. मला हे पटत नाही. आपली परंपरा वेगळी आहे, आणि जास्त महागात पडलेली आहे. निझामाच्या राज्यात गश्ती निशान तिरपन नावाचा हुकूम होता. आधी परवानगी घेतल्याशिवाय सभा भरवता येत नव्हती. अशा राज्यात ग्रंथालय काढणं, मराठी शाळा चालवणं, चार माणसांनी कविता वाचायला जमणं हे धाडस होतं. १९४३ साली, म्हणजे हैदराबाद मुक्त व्हायच्या पाच वर्षं आधी, मराठवाडा साहित्य परिषद उभी राहिली. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. हा क्रम बघा. आपल्या आधीच्या माणसांना एकत्र जमण्याचा हक्क मागून, भांडून घ्यावा लागला. त्यांच्या लेखी सभासद होणं ही जोखीम होती. आपल्याला ती जोखीम राहिली नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिच्याबरोबर सभासदत्वाचं वजनही गेलं. आज सभासद म्हणजे वर्गणीची पावती आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अभिनंदन' म्हणणारा माणूस.

मग सभासदानं करायचं काय? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या प्रत्येक गावात एक कलासंस्था पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, तिला आपण कलासंस्था म्हणत नाही एवढंच. भजनी मंडळ. अखंड हरिनाम सप्ताह आठवा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. मग ती कोण धरतो? पहारे लावलेले असतात. रात्री दोन ते चार अमक्याचा, चार ते सहा तमक्याचा. ती यादी मंदिराच्या भिंतीवर चिकटवलेली असते, प्रत्येकाच्या नावानिशी. पहाऱ्याला उभा असणारा प्रत्येक जण मोठा गवई नसतो. पण त्याच्या दोन तासांत वीणा त्याच्या खांद्यावर असते, आणि तो झोपला तर सप्ताह मोडतो. सहभाग म्हणतात तो हा. त्या भिंतीवरच्या यादीत 'आणि इतर' लिहून चालेल का? दोन ते चार 'इतर'? कोण येईल?

नांदेडमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक दाखला रोजचा आहे. हुजूर साहिबच्या गुरुद्वाऱ्यात माणूस सेवेला जातो तेव्हा तो पोळ्या लाटतो, ताटं घासतो, जोडे सांभाळतो. कोणत्या पदावर घेता, असं तो विचारत नाही. आपल्या कलासंस्थांत येणाऱ्या नव्या माणसाला आपण पहिली गोष्ट काय देतो? पद. सहसचिव, कोषाध्यक्ष, काहीच नाही तर 'सल्लागार'. काम मात्र देत नाही. वर्षभरानं तो येईनासा होतो आणि आपण म्हणतो, "आजकालच्या पोरांना आवड नाही हो."

पोरांचा विषय निघालाच आहे तर तोही बोलू. लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे, असावाही. नांदेडलाही आता क्लासेसच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. पण सोळा ते अठरा वयाची मुलं पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये आणि अभ्यासिकेत असतात. ज्या वयात माणूस पहिल्यांदा तालमीला जातो, पहिल्यांदा चित्राच्या प्रदर्शनात टेबल लावतो, ते वयच आपण काढून घेतलंय. मग पंचविशीत त्यानं येऊन संस्था सांभाळावी, ही अपेक्षा कुठून करायची? संस्थांनी याचा विचार केला का? आमच्या संस्थेनं नाही केला. आमच्या बैठका संध्याकाळी सातला, क्लास ऐन भरात असताना. रविवारी सकाळी एक तास ठेवावा हे आठ वर्षांत कुणालाही सुचलं नाही.

आता कागदाच्या दुसऱ्या बाजूकडं येतो, ती म्हणजे कायदा. संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. १८६० चा सोसायटी नोंदणीचा कायदा आणि आपल्या राज्याचा १९५० चा सार्वजनिक न्यासाचा कायदा, या दोन्हींखाली आपल्या बहुतेक संस्था येतात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. कलावंतांना हे सगळं रटाळ वाटतं. मलाही वाटायचं. पण याच रटाळ कागदांत संस्थेची लोकशाही असते. वार्षिक सर्वसाधारण सभा कधी झाली, सूचना कुणाला गेली, सह्या कुणाच्या आहेत, हे बघा. आमच्या एका सभेला प्रत्यक्षात पाच माणसं होती, आणि इतिवृत्तावर सह्या तेवीस. बाकीच्या अठरा घरोघरी जाऊन घेतल्या. त्या मीच घेतल्या. प्रत्येकानं न वाचता सही केली आणि वर चहा पाजला. आपल्या आतिथ्याला तोड नाही!

हौशी राज्य नाट्य स्पर्धेचं उदाहरण घ्या. १९५४ पासूनची ही स्पर्धा. नांदेड आणि लातूर ही तिची केंद्रं. या स्पर्धेनं मराठवाड्याला किती नट, दिग्दर्शक, नेपथ्यकार दिले ते तुम्हाला सांगायला नको. स्पर्धेत नाटक करायचं तर संस्था लागते. याचा चांगला परिणाम असा की संस्था टिकल्या. वाईट परिणाम असा की काही संस्था स्पर्धेपुरत्याच जाग्या होतात. दिवाळी झाली की तालीम, प्रयोग, निकाल, निकालावर नाराजी, आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत कुलूप. संहिता कुठं ठेवली? नेपथ्याचा आराखडा कुठंय? प्रकाशयोजना कुणी केली होती? दहा वर्षांनी विचारलं तर उत्तर नाही. नाटक प्रयोगानंतर उरत नाही हे खरं, पण त्याची वही उरू शकते.

मोठ्या संमेलनांचंही असंच. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, भारत सासणे अध्यक्ष होते. विद्रोही साहित्य संमेलनही त्याच दिवसांत उदगीरलाच भरलं. एका तालुक्याच्या गावात दोन मांडव, दोन भूमिका, हे मला फार आवडलं. पण संमेलन तीन दिवसांचं. संस्थेला उरलेले ३६२ दिवस सांभाळायचे असतात. मांडव उतरल्यावर गावात लिहिणाऱ्यांची एक बैठक नियमित बसते का, हा माझा प्रश्न असतो. मांडव किती मोठा होता, हा नसतो.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या धंद्याचा. आपल्या संस्थांत समीक्षा नाही. सत्कार आहे. स्थानिक कवीचा संग्रह आला की प्रकाशन, प्रकाशनात चार भाषणं, चारही भाषणांत 'सशक्त अभिव्यक्ती'. कवी बिचारा घरी जातो तेव्हा त्याच्याकडं तीन शाली असतात, आणि कोणती कविता फसली हे सांगणारा एकही माणूस नसतो. हा कवीचा अपमान आहे. आपण त्याचं पुस्तक वाचलं नाही, हे आपण शालीनं झाकतो.

याउलट कुरुंदकरांचं बघा. रणजित देसाई शिवाजी महाराजांवर कादंबरी लिहिणार होते. देसाई तिकडं कोल्हापूरकडं कोवाडला, कुरुंदकर इकडं नांदेडला. कुरुंदकरांनी त्यांना पत्र लिहिलं, लांबलचक, आपली मतं सडेतोड मांडणारं. देसायांनी पुढं ते पत्रच 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून छापलं. दोघांचाही मोठेपणा बघा. एकानं दुसऱ्याच्या न लिहिलेल्या पुस्तकासाठी इतका वेळ दिला, आणि दुसऱ्यानं ते जपून पुस्तकाच्या दारात ठेवलं. मला कलावंतांच्या संस्थेत हे व्हायला हवंय. महिन्यातून एकदा एकाची कविता, एकाचं चित्र, एकाची बंदिश मध्ये ठेवायची आणि तासभर खरं बोलायचं. माईक नको, हार नको.

खरं बोललं की संस्था फुटते, अशी भीती असते. नांदेडच्याच दत्ता भगतांचं 'वाटा-पळवाटा' आठवा. एक बाबासाहेबांच्या काळातला कार्यकर्ता, एक शिकून प्राध्यापक झालेला माणूस, आणि एक तापलेला तरुण. तीन पिढ्यांचे तीन मार्ग, आणि तिघं एकमेकांशी भांडतात. त्या नाटकाचं बळ असं की कुणाचंही म्हणणं तिथं दाबलं जात नाही. आणि नावातला दुसरा शब्द प्रेक्षकाला सोडत नाही : माझी ही वाट आहे की पळवाट? मी अनेकदा म्हटलंय, "मी लिहिणारा माणूस, संस्थेच्या राजकारणात पडत नाही." ऐकायला किती छान वाटतं! पण ती पळवाट होती. मी पडलो नाही म्हणून राजकारण थांबलं नाही, ते फक्त माझ्यावाचून झालं. आणि मी सचिव झालो तेव्हा माझ्यामुळं झालं.

तर ऐकणाऱ्यांना माझी विनंती मोठी नाही. तुमच्या गावातल्या एका संस्थेचे सभासद व्हा. सर्वसाधारण सभेला जा आणि इतिवृत्त वाचून मगच सही करा. आणि एक पहारा घ्या. कोणताही. जुन्या पत्रिका मोबाइलवर स्कॅन करायचा असेल, कार्यक्रमात वाजवणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, तारीख लिहून घ्यायचा असेल, त्याला सहीशिक्क्याचं पत्र त्याच रात्री द्यायचा असेल. माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळी, गोंधळी किती येतात ते तुम्ही बघता. त्यातल्या एकाचं नाव तुमच्या वहीत आलं तरी काम सुरू झालं.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, आमच्या तालुक्यात संस्थाच नाही. नोंदवायची म्हटलं तर खर्च, खेटे. काय करावं?

— नोंदणी नंतर करा. आधी वही करा. दोनशे पानी वही आणा, पहिल्या पानावर तालुक्यातल्या गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, रंगवणाऱ्या, लिहिणाऱ्या माणसांची नावं लिहायला घ्या. कोण किती वर्षं करतोय, कुणाकडून शिकला, हे लिहा. ती यादी करता करता सात माणसं आपोआप भेटतील. नाही भेटली तरी वही राहील.

प्रश्न : राजकारणी लोकांशिवाय आपल्याकडं कार्यक्रम होत नाहीत. हॉलचं भाडं, मांडव, सगळं त्यांच्याकडूनच येतं. मग पत्रिकेत त्यांचं नाव वर नको का?

— असू द्या की वर. मी भाबडा नाही. पैसा लागतो आणि देणाऱ्याचा मान ठेवावा लागतो. माझं म्हणणं खालच्या ओळीविषयी आहे. वरची नावं कमी करायचं धाडस आपल्याला होणार नाही कदाचित. पण खालचं 'आणि इतर' खोडून तिथं सात नावं लिहायला कोणत्या नेत्यानं अडवलंय? आम्हाला तरी कुणीच अडवलं नव्हतं.